अभंगरचनेचा वर्ग: गद्य ओळीपासून चालीपर्यंत

संगीताच्या वर्गात विद्यार्थ्यांकडून अभंग रचून घ्यायचा असे ठरते, तेव्हा बहुतेक वेळा क्रम उलटा लागतो. आधी एखादी ओळखीची चाल निवडली जाते, मग तिच्यावर बसतील असे शब्द शोधले जातात, शब्द कमी पडले की ‘विठ्ठला’, ‘पांडुरंगा’, ‘देवा’ यांनी जागा भरली जाते, आणि टाळ-मृदंगाच्या गजरात गाणे झाले की मुलांना आध्यात्मिक अनुभव आल्याची नोंद अहवालात होते. मुलांना आलेला असतो तो गजराचा आनंद. तो वाईट नाही, पण त्यासाठी रचना करण्याची गरज नव्हती. कोणताही पाठ असलेला अभंग गाऊन तो मिळाला असता.

रचनेतून येणारा अनुभव वेगळा असतो. आपल्याच मनातली, आजवर कोणाला न सांगितलेली गोष्ट मोजक्या अक्षरांत बसते आणि सुरात आपल्याच कानावर परत येते, तेव्हा तो येण्याची शक्यता असते. शिक्षकाला तो घडवून आणता येत नाही. मात्र चुकीच्या क्रमाने त्याची वाट अडवता नक्की येते. पुढची पद्धत इयत्ता सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी, तसेच संगीत परीक्षांच्या प्रवेशिका स्तरावर शिकणाऱ्या मुलांसाठी आहे. शाळेतली तासिका ३५ ते ४० मिनिटांची धरली तर किमान सहा तासिका हाताशी असाव्यात. एका दिवसाच्या कार्यशाळेत हे सारे कोंबू नये.

पूर्वतयारी

तानपुरा, किंवा तो नसेल तर मोबाइलवरचा तानपुरा, एक हार्मोनियम, तबला किंवा पखवाज, आणि प्रत्येक मुलाला एक स्वतंत्र वही एवढे साहित्य पुरते. वही स्वतंत्र असण्याचे कारण असे की तिच्यातली पहिली काही पाने शिक्षक वाचणार नाहीत, हे मुलांना आधी सांगायचे आहे आणि ते पाळायचेही आहे.

स्वर आधीच ठरवून ठेवावा. आवाज न फुटलेल्या मुलांना आणि मुलींना साधारणपणे पेटीच्या काळी चार ते काळी पाच या पट्ट्यांच्या आसपास गाणे सोयीचे जाते. ज्यांचा आवाज फुटतो आहे अशा मुलांना तार सप्तकात ओढू नये. त्यांना खालच्या स्वरात गाऊ द्यावे किंवा ठेका धरायला बसवावे. शिक्षकाने स्वतःच्या सोयीचा काळी एक पकडला की अर्धा वर्ग पहिल्याच दिवशी पुटपुटू लागतो.

छंद एकच निवडावा. मोठ्या अभंगाचा, म्हणजे सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या चार चरणांचा चौक शिकवायला सर्वांत सोयीचा, कारण हरिपाठाच्या पहिल्या अभंगाचा छंद हाच आहे आणि त्याची चाल पुष्कळ घरांत ऐकून माहीत असते. आठ-आठ अक्षरांचा छोटा अभंग दिसायला सोपा वाटतो, पण त्यात नवशिक्यांच्या ओळी लगेच बडबडगीतासारख्या वाजू लागतात.

सावधगिरी: वर्गात वेगवेगळ्या धर्मांची मुले असतील, देव न मानणाऱ्या घरांतलीही असतील. अभंग कोणाला उद्देशून लिहायचा हे मुलानेच ठरवावे. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांची मराठी संतरचना आणि ना. वा. टिळकांचे ख्रिस्तभक्तीचे अभंग डोळ्यांसमोर ठेवले, तर हा छंद एका दैवताच्या मालकीचा नाही हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही. कोणी स्वतःच्या मनाला, कोणी आईला, कोणी नदीला हाक मारील, चालेल. देवाशी भांडणही चालेल, त्याला तर नामदेव-जनाबाईंपासूनची परंपरा आहे.

टप्पा १: पाच मिनिटे नुसता षड्ज

तानपुरा सुरू करून सर्वांनी बसावे आणि पाच मिनिटे फक्त ऐकावे. त्यानंतर दोन मिनिटे आकारात, म्हणजे नुसत्या ‘आ’वर, षड्ज (सा) लावावा. ‘डोळे मिटा आणि देवाला आठवा’ अशा सूचना देऊ नयेत. त्या दिल्या की मुले चेहऱ्यावर भक्तिभाव आणण्याच्या कामाला लागतात. डोळे उघडे ठेवणाऱ्याला टोकू नये, हसणाऱ्यालाही पहिले दोन दिवस सोडून द्यावे.

हा टप्पा प्रत्येक तासिकेच्या सुरुवातीला येतो. वेळ कमी आहे म्हणून तो गाळला, तर पुढचे काम निबंधलेखनासारखे होते.

टप्पा २: गद्यात एक खरी गोष्ट

तानपुरा चालू असतानाच मुलांनी वहीत तीन-चार गद्य वाक्ये लिहावीत. विषय देताना ‘भक्ती’, ‘कृतज्ञता’, ‘ईश्वर’ असे शब्द फळ्यावर लिहू नयेत. त्याऐवजी प्रश्न द्यावा: घरातली, रस्त्यावरची किंवा शेतातली अशी कोणती गोष्ट आहे, जी पाहिली की तुम्ही गप्प होता? उत्तरात डोळ्यांना दिसेल अशी एक वस्तू आणि एक क्रिया असलीच पाहिजे, एवढी एकच अट घालावी.

संपूर्ण कामात सर्वाधिक वेळ इथे द्यावा, कारण पुढच्या बहुतेक चुका इथेच जन्माला येतात. दोन नमुने पाहा. एका मुलीला आजीविषयी लिहायचे आहे, आणि गद्याचा टप्पा गाळून ती थेट छंदात लिहू लागली तर साधारण असे काही हाती येते:

आजी माझी गोड ।
देवाघरी गेली ।
आठवण आली ।
मला तिची ॥

सहा, सहा, सहा, चार. यमक जागेवर आहे, अक्षर एकही चुकलेले नाही, आणि तरीही ही ओळ कोणत्याही मुलाने कोणत्याही आजीविषयी लिहिली असती. आता तीच मुलगी आधी गद्यात लिहिते: ‘आजीची खुर्ची अजून खिडकीजवळ आहे. तिच्यावर कोणी बसत नाही. आई रोज ती पुसते.’ या तीन वाक्यांतून पुढचा चौक निघतो:

रिकामी ती खुर्ची ।
आई रोज पुसे ।
बसणारी नसे ।
घरामध्ये ॥

यात आजी हा शब्द नाही, आठवण नाही, देवाघर नाही. रोजचे फडके मात्र आहे. विद्यार्थ्यांना हे दोन चौक शेजारी शेजारी फळ्यावर लिहून दाखवावेत आणि व्याख्यान न देता दोन्ही मोठ्याने वाचून घ्यावेत. फरक त्यांना कळतो.

तपासा: वही न वाचता, मुलालाच आपल्या गद्यातल्या वाक्यांवर बोट ठेवायला लावून ‘हे तू स्वतः पाहिलेस का?’ असे विचारल्यावर उत्तर ‘हो’ आले पाहिजे. ‘असे लिहितात ना’ हे उत्तर आले तर मुलाने नवीन वाक्य लिहावे.

सावधगिरी: या टप्प्यात एखादे मूल मृत्यू, मारहाण किंवा घरातले भांडण लिहू शकते. अशी वही मुलाने आपणहून पुढे केली तर त्या क्षणी अक्षरे मोजायला बसू नये आणि ती ओळ वर्गात वाचूनही घेऊ नये. मुलाला धोका आहे असे वाटले, तर शाळेतल्या समुपदेशकांशी किंवा मुख्याध्यापकांशी त्याच दिवशी बोलावे. हा उपक्रम उपचार नव्हे, आणि संगीतशिक्षकाने तसा आव आणू नये.

टप्पा ३: अक्षरे मोजणे

अभंगात लघु-गुरू मोजत नाहीत, अक्षरे मोजतात. नियम थोडेच आहेत. जोडाक्षर एकच धरायचे, म्हणून ‘खुर्ची’ दोन अक्षरी आणि ‘घरामध्ये’ चार अक्षरी. अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. आणि बोलताना ज्या अक्षरातला ‘अ’ आपण गिळतो ते अक्षरही पूर्ण मोजायचे.

शेवटच्या नियमावर जवळजवळ सगळे अडखळतात. ‘बसणारी’ हा शब्द आपण ‘बस्-णारी’ असा उच्चारतो, म्हणून मूल बोटांवर तीन मोजते. छंदात तो ब-स-णा-री असा चार अक्षरी आहे आणि गाताना त्या ‘स’ला खरोखर स्वतःची मात्रा मिळते. ‘रोज’ हा शब्दही याच कारणाने दोन अक्षरी. परदेशातल्या मराठी शाळांत रोमन लिपीत लिहिणाऱ्या मुलांची गणती इथे हमखास बिघडते, तेव्हा मोजणी देवनागरीतच करून घ्यावी. चौकटींच्या वहीत एका चौकटीत एक अक्षर लिहायला लावले की निम्मी भांडणे मिटतात.

अक्षर कमी पडले की मुले ‘रे’, ‘हो’, ‘गा’, ‘की’ यांची ठिगळे लावतात. ‘रिकामी खुर्ची’ पाचच अक्षरे होतात, म्हणून ‘रिकामी खुर्ची रे’ असे लिहिले जाते. संतांच्या रचनेत ‘गा’ आणि ‘रे’ येतात, पण तिथे समोर कोणीतरी उभा असतो आणि त्याला हाक मारलेली असते. खुर्चीला हाक मारायची नसेल तर ‘रे’ काढावा आणि अर्थाचे अक्षर शोधावे. वरच्या ओळीतला ‘ती’ असाच आला आहे: कोणतीही खुर्ची नव्हे, ती.

एखादे हुशार मूल गाथा उघडून दाखवील की संतांच्या ओळींतही अक्षरे कमीजास्त असतात. त्याचे म्हणणे बरोबर आहे. गाणारा ती उणीव लयीत सांभाळून घेतो. मात्र शिकणाऱ्याने आधी छंद पाळावा आणि सवलत नंतर घ्यावी, असे सांगून पुढे जावे.

टप्पा ४: यमक

मोठ्या अभंगात यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी येते: पुसे, नसे. पहिल्या चरणात ते आले तर हरकत नाही, पण आणण्यासाठी झटू नये. चौथा चरण मोकळा असतो.

मुले यमकाची जोडी आधी ठरवतात आणि मग तिच्यासाठी वाक्य शोधतात. ‘माया-काया’, ‘भक्ती-शक्ती’ या जोड्या अशाच वह्यांत शिरतात. म्हणून दुसरा चरण गद्याशी प्रामाणिक राहून आधी लिहून घ्यावा आणि तिसऱ्यातच यमकाची तडजोड करावी. तिसरा जमला नाही तर दुसऱ्यातले क्रियापद बदलून पाहावे. ‘पुसते’ला ‘पुसे’ केल्यावरच ‘नसे’ सापडतो.

टप्पा ५: चौकांचा क्रम, ध्रुवपद आणि नाममुद्रा

पहिल्या रचनेला तीन किंवा चार चौक पुरेत. तुकोबांच्या छापील गाथेत ध्रुवपदाची, म्हणजे फिरून फिरून गायच्या भागाची, खूण साधारणपणे दुसऱ्या चौकापुढे दिसते, तर आजच्या गायनात बहुधा पहिलाच चौक किंवा त्याचा पूर्वार्ध फिरून घेतला जातो. वर्गासाठी दुसरी रीत सोपी. जो चौक चार वेळा गायला तरी शिळा होणार नाही तो ध्रुवपदाचा, एवढी कसोटी ठेवावी.

शेवटच्या चौकात रचणाऱ्याने स्वतःचे नाव घालायचे. ‘तुका म्हणे’ किंवा ‘नामा म्हणे’ अशी उसनी मुद्रा कोणीही वापरू नये; गंमत म्हणूनही नाही, कारण अशा ओळी पुढे खऱ्या संतांच्या नावावर फिरू लागतात. समजा मुलीचे नाव सई आहे. मग ‘सई म्हणे’ ही चार अक्षरे झाली आणि चरणात दोन उरली:

सई म्हणे देवा ।
मला एक सांग ।
कोठे तिचा माग ।
काढू आता ॥

तीन अक्षरी नावाला एकच अक्षर उरते, चार अक्षरी नाव ‘म्हणे’सह चरण पुरा भरते, आणि पाच अक्षरी नावाच्या मुलाने घरातले हाकेचे नाव घ्यावे. नाव घालायला लाजणारी मुले असतात. त्यांना सूट देऊ नये, फक्त वेळ द्यावा. आतापर्यंत जे कोणीतरी लिहिल्यासारखे होते ते इथे ‘मी म्हणतो’ असे होते, आणि अनेक मुले या चौकापाशी येऊन मागचे दोन चौक स्वतःहून बदलतात. ते बदलू द्यावेत.

सावधगिरी: शेवटच्या चौकात उपदेश करण्याची हुक्की येते. वही बंद करून गद्यातली गोष्ट तोंडी सांगायला लावावी. त्यात उपदेश नव्हता, तर अभंगातही नको.

टप्पा ६: लयीत वाचन

अजून सूर नाही. आठ मात्रांची लय हाताने धरावी आणि सर्वांनी ओळी म्हणाव्यात. सुरुवातीची मांडणी अशी करता येते:

रि का मी ती । खु र्ची ऽ ऽ
आ ई रो ज । पु से ऽ ऽ
ब स णा री । न से ऽ ऽ
घ ऽ रा ऽ । म ऽ ध्ये ऽ

सहा अक्षरांच्या चरणात शेवटचे अक्षर तीन मात्रा लांबते. चार अक्षरांच्या चरणात प्रत्येकाला दोन मात्रा मिळतात. चरणाचे शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर हे सहज होते. ‘सांग’, ‘माग’ अशा अकारान्त शब्दांवर मात्र ‘ग’ लांबवला की ‘सांगाऽ’ असे विचित्र ऐकू येते. तिथे लांबी आधीच्या अक्षराला द्यावी: म ला ए क । सां ऽ ऽ ग. भजनी ठेक्यात सराईतपणे गाणारे लोक सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, टाळून ओळ उचलतात, तो भाग नंतरचा. आधी समेवरून सुरू करून बसवावे.

तपासा: रचना हरिपाठाच्या ओळखीच्या चालीत एकदा म्हणून पाहावी. छंद एकच असल्यामुळे ती बसायलाच हवी. जीभ जिथे अडते तिथे अक्षर चुकले आहे किंवा शब्द अवघड जागी पडला आहे. ही चाल फक्त तपासणीपुरती. तपासून झाली की बाजूला ठेवायची.

टप्पा ७: चाल

राग एकच द्यावा. भूप उत्तम: सा रे ग प ध हे पाच शुद्ध स्वर, मध्यम-निषाद नाहीत, आणि सुरेलपणा लवकर साधतो. कारुण्य हवे म्हणून पहिल्याच वेळी भैरवीकडे जाऊ नये. कोमल स्वर सांभाळण्यात मुलाचे सारे लक्ष जाते आणि शब्द मागे राहतात.

चाल हार्मोनियमवर शोधू नये. पेटीवर बोटे फिरू लागली की हात आधी शिकलेल्या अलंकारांच्या वाटेने जातो आणि कोणाच्याही ओळीला तीच चाल लागते. त्याऐवजी मुलाने ओळ साध्या बोलण्यात तीन-चार वेळा म्हणावी, आवाज कुठे चढतो आणि कुठे उतरतो ते ऐकावे, आणि तानपुऱ्याच्या साथीने तोच चढउतार भूपाच्या स्वरांत गुणगुणावा. पेटी त्यानंतर, सापडलेला स्वर ओळखण्यापुरती.

‘रिकामी ती खुर्ची’ बोलताना जोर ‘रिकामी’वर येतो आणि आवाज ‘खुर्ची’पाशी खाली बसतो. चालीत सर्वांत उंच स्वर ‘ती’वर पडला तर ऐकणाऱ्याला वाटते की खुर्च्या पुष्कळ आहेत आणि त्यांतली एक दाखवली जाते आहे. मुलाला हे समजावण्यापेक्षा दोन्ही प्रकारे गाऊन दाखवावे. ध्रुवपद मध्य सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, साधारण षड्ज ते पंचम (सा ते प), ठेवावे आणि पुढच्या चौकांना धैवत-तार षड्जाकडे जाऊ द्यावे. मात्र ज्या मुलाचा आवाज तिथे पोहोचत नाही त्याच्या चालीने पंचमापुढे न गेलेलेच बरे.

‘काढू आता’ हा चरण षड्जावर आणून बसवण्याचा मोह शिक्षकाला होतो. पण तो प्रश्न आहे, आणि मुलीने तो गांधारावर (ग) लटकता ठेवला असेल तर तसाच राहू द्यावा. लगेच ध्रुवपद येणार आहेच. षड्ज तिथे मिळतो. शेवटच्या स्वरावरून ध्रुवपदाचा पहिला स्वर सहज उचलता येतो की नाही, एवढेच पाहावे.

सावधगिरी: शिक्षकाने चाल ‘सुंदर करून’ देऊ नये. एखादी मुरकी, एखादी तिहाई आपण घातली की वर्ग टाळ्या वाजवतो, आणि ज्याची ती चाल होती ते मूल दुसऱ्या दिवशी ती विसरून येते. सुधारणा सुचवायचीच असेल तर चूक असलेली जागा दाखवावी. उत्तर त्याने शोधावे.

चाल पक्की झाली की भातखंडे पद्धतीने स्वरलिपी लिहून घ्यावी: समेला ×, खालीला (ठेक्यातल्या बिनजोराच्या जागेला) ०, शब्दाच्या लांबीला ऽ आणि स्वराच्या लांबीला आडवी रेघ. मोबाइलवर ध्वनिमुद्रण ठेवले तरी लिपी टाळू नये, कारण लिहिताना कोणता स्वर नेमका लागतो आहे हे मुलाला प्रथमच उमगते.

टप्पा ८: गायन आणि नंतरचा वेळ

पहिल्यांदा रचणाऱ्याने एकट्याने, तानपुऱ्यावर, ठेक्याशिवाय गावे. दुसऱ्यांदा ठेक्यासह. तिसऱ्यांदा वर्गाने ध्रुवपद झेलावे आणि टाळ वाजवावेत. हा क्रम उलटवून आधीच टाळ दिले, तर मुलाला स्वतःचे शब्द ऐकूच येत नाहीत. जे एकट्याने गायला तयार नसेल त्याचा अभंग मित्राने गावा किंवा वहीतच राहावा.

गाणे संपल्यावर टाळ्या नकोत; तानपुरा अर्धा मिनिट चालू ठेवावा. ‘कसे वाटले?’ हा प्रश्नही विचारू नये, कारण त्याला वर्गात एकच सभ्य उत्तर आहे आणि मुलांना ते पाठ असते. विचारायचेच असेल तर असे विचारावे: गाताना कोणता शब्द बदलावासा वाटला? या प्रश्नाची उत्तरे खरी येतात, आणि ज्याला आत काही जाणवले असेल ते मूल त्या शब्दाविषयी बोलता बोलता तेही सांगते.

गुण द्यावेच लागत असतील तर अक्षरसंख्या, यमकाची जागा, लय आणि स्वर यांना द्यावेत. भाव, तन्मयता, भक्ती असे रकाने गुणपत्रिकेत ठेवू नयेत. ते ठेवले की पुढच्या वर्षीची मुले डोळे मिटून, मान डोलावत गाऊ लागतात. वार्षिक संमेलनात एखादा अभंग घ्यायचा असेल तर मुलाला आणि पालकांना आधी विचारावे. समाजमाध्यमांवर चित्रफीत टाकण्याची परवानगी वेगळी मागावी. संमेलनाला दिलेला होकार त्यासाठी गृहीत धरू नये. वह्या मुलांना परत कराव्यात. शाळेच्या दप्तरी स्वरलिपीची प्रत पुरेशी असते, आणि तिच्यावर रचणाऱ्याचे नाव असावे.